उशामागची खुर्ची

४ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक गादी, आईचा औषधांचा डबा आणि खुद्द आई, एवढा संसार टेम्पोत घालून सकाळी निघाले ते दुपारी जेवणाच्या वेळेला इथे पोचले. टेम्पोवाल्याला पत्ता सांगितला तर म्हणाला, म्हणजे ते शेवटचं घर ना? मी म्हटलं, हो, पण मी नोकरीला चाललेय, दुसऱ्या कशाला नाही. हसावं की नाही ते त्या बिचाऱ्याला कळेना. मागे गादीला टेकून बसलेली आईच हसली.

घर पाहताक्षणी आवडलं. पूर्वी इथे छापखाना होता म्हणे. त्यामुळे खोल्या उंच, खिडक्या मोठाल्या, आणि फरशीवर अजून कुठेकुठे शाईचे डाग आहेत, कितीही घासा, जात नाहीत. खाली आजाऱ्यांच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि औषधांची खोली. वर मला राहायला ऐसपैस खोली आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याला लागून काच कापून देणाऱ्याचं. दिवसभर काचेवरची करकर ऐकू येते. आईला बसायला गॅलरी मिळाली म्हणजे माझी निम्मी काळजी मिटली. चार माणसं येता-जाता दिसली की तिचं हृदय जरा बरं चालतं. असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणते.

इथल्या प्रमुख बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात. आम्हाला चहा दिला आणि आईला विचारलं, जिना चढायला त्रास होतो का. आई म्हणाली, चढायला होतो, उतरायची काही घाई नाही. तरी खाली एक खाट धरून ठेवा माझ्यासाठी. मी डोळे वटारले. मोठ्या बाई मात्र जराही न हसता म्हणाल्या, ठेवते.

५ मार्च

इस्पितळात इतकी वर्षं घासली, पण अशी शिस्त कुठे पाहिली नव्हती.

इथे बरं व्हायला कुणी येत नाही. डॉक्टरांनी हात टेकले की माणसं येतात, दुखणं कमी करणारी औषधं घेतात आणि एक दिवस जातात. ते मला ठाऊकच होतं. पण माणूस आला की मोठ्या बाई त्याला पहिलं काय विचारतात, तर देवाचं कोणतं नाव तुमच्या तोंडात बसलंय. तो सांगेल ते नाव आम्ही परिचारिकांनी लक्षात ठेवायचं. वेळ आली की तेच त्याच्या कानाशी घेत राहायचं, तो जाईपर्यंत. दुसरं अक्षर बोलायचं नाही. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच.

आणि खुर्ची. प्रत्येक खोलीत उशामागे, भिंतीला लागून, एक खुर्ची असते. शेवटी आपण तिथेच बसायचं. जाणाऱ्याला आपलं तोंड दिसता कामा नये. त्याच्यासमोर फक्त खिडकी आणि खिडकीत आभाळ. खोलीत आरसा नाही, फोटो नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा नुसते आकडे. नातेवाइकांनी निरोप आधीच घ्यायचा. मोठ्या बाई तळपाय चाचपतात, श्वास ऐकतात आणि सांगतात की आता सगळ्यांनी बाहेर व्हा. मग बायको असो, मुलगा असो, तो व्हरांड्यात. काही जण भांडतात. मीही भांडले असते.

असं का, म्हणून विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, शेवटच्या क्षणी मन जिथे टेकतं तिथे माणूस जातो. देवावर टेकलं तर देवाकडे जातो, आणखी कुणावर टेकलं तर त्याच्याकडे. आपण मधे कडमडायचं नाही, एवढंच आपलं काम. हे मी लहानपणापासून ऐकलंय, आईनेच सांगितलंय. पण ऐकणं निराळं आणि मरणाऱ्या माणसाचा हात सोडून भिंतीला टेकून बसणं निराळं. मी मान डोलावली. पहिल्याच आठवड्यात वाद कशाला घालायचा.

९ मार्च

आज पहिल्यांदा पाहिलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी गेल्या. मोठ्या बाई उशामागच्या खुर्चीत, मी दाराआड. त्या एकसुरात नाव घेत होत्या, घाई नाही, सूर नाही, भाजी निवडताना बोलावं तसं. आजींचे डोळे खिडकीकडे. ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

बाहेर आल्यावर मोठ्या बाईंचा चेहरा दमलेला पण समाधानी होता. म्हणाल्या, नीट पोचल्या. मला मात्र पटेना. नव्वदीच्या बाईने भिंतीएवढ्या खिडकीकडे बघत, जवळ एक ओळखीचा चेहरा नसताना जावं? देव काय, उशामागून हाक मारली तरच ऐकतो का?

वर येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, मला तर हे फार पटलं बाई. एवढं बोलून ती पुन्हा सायकलवाल्याकडे बघत बसली.

१५ मार्च

शिंपीकाका गेले. आज जरा सविस्तर लिहिते, कारण मोठ्या बाईंना सांगता येणार नाही आणि पोटात तर काही राहत नाही.

काकांचं मागेपुढे कुणी नव्हतं. आल्या दिवसापासून माझ्या गणवेशाच्या खांद्यावर त्यांचा डोळा. हा कुणी शिवला म्हणे, त्याला माझ्याकडे पाठवा. सुई-दोरा मागून घेतला, टाचण्या ओठांत धरल्या आणि पडल्या पडल्या डाव्या हाताने तो खांदा उसवून पुन्हा शिवून दिला. मरायला टेकलेला माणूस, पण टाका कसा सरळ. मला ताई म्हणायचे, मी वयाने त्यांच्या निम्मी असेन तरी.

आज दुपारी मोठ्या बाई औषधं आणायला गेल्या होत्या आणि तेवढ्यात काकांचे पाय गार पडले. मी नियमाप्रमाणे उशामागे बसले. राम, राम म्हणत राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. मग त्यांनी हात वर केला आणि चाचपडू लागले. कोण आहे, कोण आहे तिकडे, असं विचारायला लागले. मी राम म्हणतेय आणि ते विचारतायत कोण आहे. आवाजात असं काही होतं की मला बसवेना. मी उठले, खुर्ची उचलून समोर ठेवली, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, काका, मी आहे, ताई.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. जणू आयुष्यभर शोधत होते ती वस्तू सापडली. हसले, आणि तसेच हसत गेले. राम म्हणायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही.

मोठ्या बाई यायच्या आत खुर्ची जागेवर ठेवली. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं कशाला लिहू, मला फार छान वाटलं.

२३ मार्च

मास्तरीणबाई गेल्या. भूगोल शिकवायच्या. खोलीत जरा आवाज वाढला की खाटेच्या लाकडावर बोटाच्या पेरांनी टकटक करून सगळ्यांना गप्प बसवायच्या, मोठ्या बाईंनासुद्धा. नाव विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, माझा विश्वास नाही. पण विचारताच आहात तर शंकर म्हणा, वडील म्हणायचे.

त्यांच्या वेळीही मीच होते. मोठ्या बाई पलीकडच्या खोलीत अडकल्या होत्या. या वेळी मी वाटसुद्धा पाहिली नाही, सरळ समोर जाऊन बसले. बाईंनी दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. किती शांत गेल्या. इथला नियम ज्याने केला त्याने कधी कुणाचा हात धरला नसावा, असं माझं मत होत चाललंय.

२७ मार्च

एक गंमत. आज गॅलरीत बसून आईचा फाटका अभ्रा शिवत होते. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, चिंगे, तू डावरी कधी झालीस? पाहते तर खरंच सुई डाव्या हातात. आणि ओठांत टाचण्या. मला तर टाचणी तोंडात धरायची भीती वाटते, लहानपणी शेजारच्या मुलीने गिळली होती तेव्हापासून.

उजव्या हातात सुई घेतली आणि जमेना. टाका वाकडा पडायला लागला. आईला म्हटलं, शिंपीकाकांचं पाहून पाहून सवय लागली असेल. आई म्हणाली, असेल.

१ एप्रिल

ट्रकवाले आजोबा आज सकाळी गेले. शिवराळ पण मनाचा राजा माणूस. त्यांनी सांगितलेलं देवाचं नाव हनुमान. म्हणाले, गाडीच्या काचेवर होता तोच. झोपेतसुद्धा उजवा पाय दाबायचे, ब्रेक मारल्यासारखा, आणि मग गुडघा धरून कण्हायचे.

त्यांच्या मुलांनी निरोप घेतला आणि ती बाहेर गेली. मोठ्या बाई खुर्चीत बसणार तोच त्यांना फोन आला, म्हणून मला बसवलं. मी ठरवलं होतं, या वेळी नियम मोडायचा नाही. अभ्र्याचं काही डोक्यातून गेलं नव्हतं. पण आजोबाच म्हणाले, पोरी, मागे काय बसलीस चोरासारखी, समोर ये, माझा रस्ता कुणीतरी बघायला नको का. मी गेले. जाताना त्यांची नजर माझ्यावरच होती.

संध्याकाळी गवळी दुधाचं पातेलं हिंदकळवून गेला तेव्हा मी त्याला अशी शिवी दिली की तो जागीच उभा राहिला. मला ती शिवी येत नव्हती. आजही तिचा अर्थ माहीत नाही.

३ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

जेवण झाल्यावर केस विंचरायला आरशासमोर उभी राहिले. पुढचं आठवतं ते एवढंच, की आईने हाक मारली. चहाची वेळ टळून गेली होती. एवढा वेळ मी आरशासमोर उभी होते. कंगवा खाली पडलेला. पाय भरून आले होते, उजवा गुडघा ठणकत होता. माझ्या गुडघ्याला कधी काही झालेलं नाही.

मी माझा चेहरा बघत नव्हते. मी तो बघितला की आधी डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात आणि वैताग येतो. हे तसं नव्हतं. आत कुणीतरी माझ्या चेहऱ्याकडे डोळे भरून बघत होतं. ती नजर मी ओळखते. तीन वेळा पाहिलीये.

आईने मागून येऊन माझा हात धरला आणि लगेच सोडला.

४ एप्रिल

आरसा उतरवून पलंगाखाली उपडा ठेवला. आता खिडकीच्या काचेसमोर थांबते. पातेल्यासमोर. पाण्याच्या बादलीत. कुठे जरा चेहरा दिसला की पाय तिथेच रुततात.

आजाऱ्यांच्या खोलीत दोघे नातेवाईक मोठ्याने बोलत होते. मी खाटेवर पेरांनी टकटक केली आणि ते गप्प बसले. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

५ एप्रिल

मोठ्या बाईंनी औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. रागावतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी का केलंस, असं विचारलंच नाही. किती, एवढंच विचारलं.

तीन, म्हटलं. त्या खाली बसल्या.

मग सांगितलं. या कामाला लागल्या तेव्हा त्यांनीही एकदा तोंड दाखवलं होतं, एका म्हातारीला, दया येऊन. ती म्हातारी गुणगुणायची. तेव्हापासून मोठ्या बाई गुणगुणतात. झोपेत, आंघोळीला, कुणाच्या मयतालासुद्धा. जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. एक असेल तर निभतं, म्हणाल्या. जागा करून देता येते.

मी विचारलं, त्यांना काय हवंय. काही नाही, म्हणाल्या. वाईट नाहीत ती माणसं. जाताना जिकडे बघत होती तिकडे आली. त्यांना तुझा चेहरा बघायचाय, बस, आणि आपण मेलोय हे त्यांना माहीत नाही.

नोकरी सोडून जाऊ का, विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, ती काय या इमारतीत आहेत, तू गेलीस की सुटायला?

मग कधी सुटतील? तू मरशील तेव्हा. त्या क्षणी तुला देव आठवला तर तुझ्याबरोबर तीही सुटतील. आणि नाही आठवला तर, असं मी विचारल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि बाटल्या लावायला घेतल्या.

आजपासून मी कुणाच्याही शेवटच्या वेळी खोलीत जायचं नाही.

७ एप्रिल

म्हटलं, मरणाची वाट कशाला बघा, आत्तापासून सवय करू. सकाळी आंघोळ करून बसले. डोळे मिटून राम म्हटलं.

समोर मी दिसले.

पुन्हा म्हटलं. पुन्हा मीच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, विस्कटलेले केस, आणि तरी इतकी हवीहवीशी की मला माझीच किळस आली. शंकर म्हटलं, हनुमान म्हटलं. प्रत्येक नावामागे माझंच तोंड. ती तिघंही त्याच्याकडेच बघतात ना. त्यांच्या डोळ्यांपुढून ते हलतच नाही, मग माझ्यापुढून कसं हलावं.

मी घाबरलेय. हे आज पहिल्यांदा कबूल करते.

१० एप्रिल

आईला पहाटेपासून दम. पाय सुजले. डॉक्टर येऊन गेले, मला बाजूला घेऊन बोलले. मी परिचारिका, मला काय सांगायला हवं. पण सांगितलं.

मोठ्या बाईंनी आणि मी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. कोपऱ्यातली खोली. खाटेवर टेकताच मोठ्या बाईंना म्हणाली, धरून ठेवलीत म्हणायची. एवढ्या दमातही. मोठ्या बाईंनी विचारलं, कोणतं नाव. आई म्हणाली, गोविंद, आणि दुसरं आहेच काय माझ्याकडे.

खरंच आहे. भांडं उचलताना गोविंद, जिना चढताना गोविंद, मला ताप आला की गोविंद. मी चिडवायची, तुझा गोविंद कंटाळला असेल. ती म्हणायची, अगं, ही सगळी त्या एका दिवसाची तालीम. त्या वेळी तोंडात आपोआप यायला हवं, तेव्हा का आठवत बसणार.

११ एप्रिल

आईला सगळं सांगितलं. शिंपीकाका, मास्तरीणबाई, आजोबा. आरसा.

ती म्हणाली, मला कळलं होतं. त्या दिवशी हात धरला तो तुझा नव्हता.

मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. आणि म्हणाली, हे बघ चिंगे, मला आता कुठेही परत यायचं नाही. फार दमले. जन्मभर तेवढी एक गोष्ट मागितली. आणि तुझ्यात तर मुळीच यायचं नाही. तुझ्यात तुलाच जागा उरली नाही. माझी वेळ आली की माझ्यासमोर यायचं नाहीस. मी हाक मारली तरी यायचं नाहीस. मारीन मी, आईच आहे. तू यायचं नाहीस.

शब्द दे म्हणाली. दिला.

मी आईची वेणी घातली. डाव्या हाताने.

१२ एप्रिल

मोठ्या बाईंनी पाय चाचपले. सांगितलं.

निरोप घेतला. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग डोळे मिटून घेतले आणि हातानेच जा म्हणाली. मी व्हरांड्यात. मोठ्या बाई उशामागे.

शब्द मोडायचा नाही. तिने माझ्याकडे बघावं हे मला हवंय, ते माझ्यासाठी. तिला तिचा गोविंद हवाय. हे पुन्हा पुन्हा लिहावं लागतंय.

माझ्यात आली तर तिला काय मिळेल? माझ्या आत उभं राहून माझ्याच तोंडाकडे बघत राहणं. शिंप्याशेजारी, ड्रायव्हरशेजारी. नाव घ्यायला गेली की पुढे मी.

नाही. आईला नाही.

१३ एप्रिल

हाक मारतेय.

चिंगे. चिंगे, कुठे आहेस.

मोठ्या बाईंचा आवाज थांबत नाही. गोविंद, गोविंद. मधेच चिंगे. पुन्हा गोविंद.

ओढणीचा बोळा तोंडात धरलाय. लिहितेय कारण हात गुंतलेले बरे —

आतली तिघं आज विचित्र आहेत. गप्प. हाक ओळखीची वाटत असेल त्यांना. आपल्यालाच मारली असं —

संध्याकाळी मोठ्या बाई घोटभर पाणी प्यायला बाहेर आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, जवळ आलंय, पण तुझ्यापाशी अडकलंय. धीर धर. मी म्हटलं, धरते.

१४ एप्रिल

दुपार. समोर काचेवर करकर. बाकी सगळं गप्प.

हाका कमी झाल्या. मघाशी एक. मग बराच वेळ नाही.

आणि आता — आईचा आवाज. मोठ्या बाईंचा नाही, तिचा. गोविंद. स्वतः म्हणतेय. लहान मुलासारखी, थांबत थांबत, पण म्हणतेय.

पोचतेय. आई पोचतेय. देवा, जाऊ दे तिला.

गोविंद.

पुन्हा.

मोठ्या बाई गप्प झाल्या. आता गरजच नाही. ती एकटी म्हणते आहे —

चिंगे नाही म्हणाली. कितीतरी वेळात नाही.

हेच हवं होतं. हेच ठरलं होतं.

पण एकदासुद्धा नाही? मी इथे दाराशी आहे, भिंतीच्या अलीकडे, आणि तिला मी आठवतसुद्धा —

विसरली. मला विसरून चाललीये.

उभी राहिले. तिघांपैकी कुणी उठवलं का, ते पाहिलं. गुडघा दुखत नाही. पेन उजव्या हातात आहे. आत सगळे निपचित. नको म्हणतायत की काय.

पाय माझाच आहे. हे मीच.

दार उघडं. मोठ्या बाई दोन्ही हात हलवतायत, नको, नको — आवाज काढता येत नाही त्यांना — आई खिडकीकडे बघतेय. चेहरा किती — मी तो चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आभाळाकडे. सगळी तिकडे.

एकदाच. फक्त एकदा बघू दे माझ्याकडे, मग जा, मग खुशाल —

खाट आणि खिडकी यांच्या मधे आले.

आई. इकडे. अगं, इकडे बघ ना, मी